कोरडा शिधा

पुंडलिकनगरात ज्या घरी मी भांडी घासते तिथली बाई शिकलेली हाय, मास्तरीण. परवा पेपर वाचता वाचता तिनं मला विचारलं, "भामाबाई, ती नामांतराची दंगल झाली ती फक्त नावावरून झाली का हो?" मी हातातलं पातेलं खाली आपटलं. बिचारी दचकली. माझा आवाज चढला की लोकांना वाटतं मी भांडायलेय. भांडत नाय बाई, माझा गळाच तसा हाय.

नावावरून व्हय! औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, अन् तिकडं करमाडच्या पलीकडं आमच्या गावात घरं पेटली. आमच्या गावात त्या विद्यापीठात शिकलेलं एक माणूस नव्हतं. त्यांच्यात बी नाय अन् आमच्यात बी नाय. ज्यांनी उभ्या जन्मात त्याची पायरी बघितली नाय, ते त्याच्या नावापायी रॉकेल घेऊन निघाले. आता तुम्हीच सांगा, आग कशाची असंल?

आग व्हती गायरानाची. माझं ऐका, मी तिथली हाय.

आमचे मालक, सांडू त्यांचं नाव, नानासाहेबाकडं सालगडी व्हते. नानासाहेब म्हणजे गावचा सरपंच, तव्हा बी अन् नंतर बी. बापानं त्याच्याकडं राबायचं, पोरानं बी त्याच्याकडंच राबायचं, अशी रीत. मालकांनी एका साली सांगितलं, पाडव्यापासून मी येणार नाय. अन् गावाच्या वरच्या अंगाला जे गायरान व्हतं, नुसता मुरूम अन् धोंडे, त्यातला एक तुकडा धरला. धोंडे मी डोक्यावर वाहिलेत. पोटुशी असताना वाहिलेत. आमच्या महारवाड्यातल्या आणखी घरांनी बी थोडं थोडं धरलं. कुणाच्या बापाची जमीन नव्हती, सरकारी व्हती. पण नानासाहेबाला ते लागलं. महार वावर करायला लागला तर माझ्या वावरात कोण येणार, असं तो पारावर बसून उघड बोलायचा. अन् धनगरांना सांगायचा, बघा रे, तुमच्या मेंढरांच्या तोंडातला चारा चालला.

त्याचं बोलणं काही अगदी खोटं नव्हतं. धनगरांना गायरान पायजेच व्हतं. मेंढरं काय पारावर चारायची? पण धनगरांतल्याच एकानं आमचं वावर उभं केलं, हे नानासाहेबाला ठाऊक नव्हतं. त्याचं नाव त्रिंबक. त्याची बायको बानाबाई.

मुरमाला नुसत्या घामानं पीक येत नाय, खत लागतं. आमच्याकडं कुठलं खत? आमच्या भागात उन्हाळ्यात वावरात मेंढरं बसवतेत. रातभर कळप जाळीत कोंडून एका जागी ठेवायचा, दुसऱ्या दिवशी जाळी पुढं सरकवायची. लेंड्या अन् मूत असं पडतं की खडकाला बी कोंब फुटावा. अन् रीत अशी की ज्याच्या वावरात मेंढरं बसतेत त्यानं धनगराच्या घराला संध्याकाळची भाकर द्यायची. नुसतं धान्य देऊन भागत नाय. शेतमालकानं भाकर दिली म्हणजे वावर त्याचं, असं आमच्याकडं शेंबडं पोर बी सांगंल.

मालकांनी त्रिंबकदादाला विचारलं तव्हा तो कितीतरी वेळ काठीनं मातीच उकरत बसला. मंग म्हणला, "मेंढरं आणतो. पण शिधा कोरडा दे. पीठ, मीठ, मिरची. आम्ही आमचं शिजवून घेऊ." का, ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. आमच्या हातचं शिजलेलं त्यांना चालत नव्हतं. मालक म्हणले, बरं. पहिल्या दिवशी मी कोरडा शिधा नेऊन धोंड्यावर ठेवला अन् मागं सरकले.

दुसऱ्या दिवशी बानाबाई तापानं फणफणली. हिवताप. जाळीच्या कडंला घोंगडीत गोळा होऊन पडली, अन् तिची लेकरं पिठाकडं बघून रडायलेली. त्रिंबकदादाला भाकर थापता येत नव्हती. कव्हा थापलीच नव्हती तर कशी येणार! मला बघवंना. मी तिथंच तीन धोंडे मांडले, तवा आणला अन् भाकरी केल्या. ठेचा केला. टोपलं लांब ठेवलं अन् म्हणलं, "लेकरांना तरी घाला, पाप लागलं तर मला लागंल." बानाबाई उठून बसली, टोपलं ओढून घेतलं, पहिला घास तिनंच तोंडात घातला. मंग लेकरांनी खाल्लं. मंग त्रिंबकदादानं पाठ फिरवून खाल्लं. पण पाठ फिरवून खाल्ली म्हणून भाकर खाल्ली नाय असं व्हत नाय.

त्यानंतर दर उन्हाळ्याला मेंढरं आली अन् दर उन्हाळ्याला त्यांनी माझीच भाकर खाल्ली. बानाबाई तर हक्कानं मागायची. "भामे, आज ठेच्यात लसूण कमी पडला गं, हात आखडता घेतलास व्हय?" असं तोंडावर म्हणायची. अन् त्या मुरमात बाजरी अशी आली की येणारा जाणारा थांबून बघायचा. तीच आमच्या वाईटावर उठली. मुरूम व्हता तवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

आखाड सरत आला व्हता. रेडिओवर बातमी आली की विधानसभेत नामांतराचा ठराव झाला. आमच्या पोरांनी वाड्यात निळा झेंडा लावला, थोडं नाचले. बस्स, एवढाच आमचा गुन्हा. दोन-तीन दिवसांनी दिवसाउजेडी माणसं आली. अंधाराची बी गरज वाटली नाय त्यांना. पहिल्यांदा गायरान कसणाऱ्यांची घरं पेटवली, बाकीची नंतर. नावाचा राग असता तर झेंडा लावणाऱ्या पोरांची घरं आधी पेटली नसती का? मी लेकराला काखंत मारलं अन् आम्ही रुळाच्या कडंकडंनं निघालो ते थेट औरंगाबादला. परत गेलो नाय. बाजरीचं काय झालं ते विचारलं बी नाय.

इथं मुकुंदवाडीत पत्रे ठोकले. चिकलठाण्याला तव्हा कंपन्या निघत व्हत्या, मालकांना माल उतरवायचं काम मिळालं. तिथं कुणी जात विचारून पोतं उचलू देत नव्हतं, हे बरं व्हतं. नंतर मालक छातीच्या दुखण्यानं गेले अन् आमचा कडुबा कंपनीत लागला. त्याच्या आधीची दोन गेली म्हणून त्याचं नाव कडुबा ठेवलं, कडू म्हणलं की मरण फिरकत नाय म्हणतेत. मरण फिरकलं नाय, पण कंपनीचं टाळं कुणाला चुकतंय? ज्या संक्रांतीला नामविस्तार झाला, त्याच साली त्याची कंपनी बंद पडली.

नामविस्तार म्हणजे जुनं नाव बी ठेवलं अन् बाबासाहेबांचं बी जोडलं. सोळा वर्षं लोकांनी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग बघितला, काहींनी जीव दिला, अन् मिळालं ते असं. तरी मी दारात पणत्या लावल्या. रडले बी. खोटं कशाला बोलू?

त्याच उन्हाळ्यात कडुबा एक दिवस पळत आला. म्हणला, "माय, ज्यांनी आधीपासून गायरान कसलंय त्यांच्या नावानं जमीन व्हायलीय. आपला तुकडा आपल्याला मिळंल. तलाठी पंचनाम्याला येणार हाय." मी म्हणलं, बाबा, आपण कसत व्हतो हे कोण सांगणार? वाड्यातली माणसं सांगतील. तर म्हणला, तलाठी म्हणतोय तुमच्या माणसांची साक्ष मी धरत नाय, गावातला दुसरा कुणीतरी पायजे. मंग म्हणला, "मी त्रिंबकमामाकडं जाऊन आलोय. तो यायला तयार हाय." मला इतका आनंद झाला की मी कायबी विचारलं नाय. विचारायला पायजे व्हतं.

पंचनाम्याच्या दिवशी ऊन असं की धोंडे कडकड वाजायलेले. आमचा तुकडा ओळखू येत नव्हता. कुसळी गवत अन् बाभळी. तलाठी छत्री घेऊन उभा, त्याच्या बाजूला नानासाहेब, म्हातारा झालेला पण मिशी तशीच. गावातली आणखी माणसं तमाशा बघायला. लांब बाभळीखाली मेंढरं घेऊन बानाबाई. केस पांढरे झाले व्हते तिचे. तिनं मला बघून हात वर केला, मी बी केला.

तलाठ्यानं विचारलं, "त्रिंबकराव, ही जमीन सांडू कसत व्हता हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"माझी मेंढरं बसायची हितं," त्रिंबकदादा म्हणला. "दंगलीच्या आधी. सांडूनंच बोलावलं व्हतं."

मी पदरानं घाम पुसला. झालं, म्हणलं. मिळाली जमीन.

तेवढ्यात नानासाहेब हसला. "मेंढरं बसली म्हणजे भाकर बी खाल्ली असशील की रं त्रिंबका. रीतच हाय ती."

सगळे त्रिंबकदादाकडं बघायला लागले. त्याच्या भावकीतली माणसं बी व्हती तिथं. त्यानं उपरणं काढलं, पुन्हा खांद्यावर टाकलं. "छ्या! भलतंच काय बोलता? कोरडा शिधा घ्यायचो. चूल आमची, पाणी आमचं. हिच्या हातचं कशाला खाऊ?"

तलाठी माझ्याकडं वळला. "काय बाई, बरोबर हाय? कोरडा शिधा देत व्हतात?"

मी कडुबाकडं बघितलं. त्याची मान खाली. तव्हा माझ्या ध्यानात आलं की हे दोघांचं आधीच ठरलेलं हाय. कडुबानं माझा पदर ओढला अन् दातातल्या दातात म्हणला, "माय, व्हय म्हण. एक शब्द हाय. संक्रांतीला अर्धं नाव घेऊन पणत्या लावल्याच ना? तसं हे बी घे."

मला त्याची दया आली. खरंच आली. घरात बसून व्हतं पोरगं, सून दिवस गेलेली. एक व्हय म्हणलं असतं तर वावर नावावर झालं असतं. ह्यात लबाडी तरी कुणाची व्हती? पहिल्या दिवशी तर कोरडा शिधाच दिला व्हता मी.

पण मला राग आला. घर जळालं तव्हा आला नव्हता एवढा आला. घर जाळणारे माझे कुणी नव्हते. हा माझा व्हता. तापात पडलेल्या त्याच्या बायकोला मी घास दिला, त्याची लेकरं माझ्या तव्यापुढं वाढली, अन् आता भर गावात तो हिच्या हातचं कशाला खाऊ म्हणतोय, अन् वर मीच मान डोलवायची! मंग कशापायी पळालो आम्ही? कशापायी मालक पोती उचलून उचलून मेले? नावानं पोट भरतं का, असं आम्हाला गावोगाव विचारत व्हते. नाय भरत बाबा. पण खाल्लेलं नाकारलं की पोटात जळतं.

"नाय साहेब," मी म्हणलं. "शिधा पहिल्या दिवशी दिला. त्यानंतर माझ्या हातची भाकर खाल्ली ह्यांनी. दर उन्हाळ्याला. ठेच्यासंगट."

कडुबानं कपाळाला हात लावला. मागं कुणीतरी हसलं. नानासाहेब म्हणला, "ऐकलंस का त्रिंबका? बाटलास की रं!"

त्रिंबकदादाचं तोंड काळं ठिक्कर पडलं. म्हणला, "खोटं बोलतेय ती. मेंढरं बसलीच नाय हितं. कव्हाच नाय."

"आत्ता तर म्हणला व्हता," तलाठी म्हणला.

"चुकून म्हणलो."

संपलं. तलाठ्यानं छत्री मिटली. अन् तव्हा बाभळीखालून आवाज आला, "खाल्ली." बानाबाई मेंढरं तशीच सोडून पुढं आली व्हती. डोईवर पदर नाय, काही नाय. "मी खाल्ली, लेकरांनी खाल्ली अन् ह्यांनी बी खाल्ली. हिनं तव्हा भाकर दिली नसती तर मी मेले असते."

नानासाहेब हळूच म्हणला, "बानाबाई, धाकट्या लेकीची सुपारी फुटलीय. तोंड आवर."

"आवरते की," बानाबाई म्हणली. "मेल्यावर आवरते."

तलाठी वैतागला. नवरा नाय म्हणतो, बायको व्हय म्हणते, आधी घरात ठरवा अन् मंग सरकारला सांगा, असं म्हणून तो जीपमध्ये बसला. जमीन आम्हाला मिळाली नाय. धनगरांना तरी कुठं राहिली? आता तिथं तारेचं कुंपण हाय, आत कंपनी. मेंढरू शिरत नाय अन् बाजरी उगवत नाय. ज्या जमिनीपायी आमची घरं जाळली ती तिसऱ्याच्या घशात गेली.

कडुबा माझ्याशी बोलंना. मी बी त्याला समजवायला गेले नाय. महिनाभरानं करमाडच्या बाजारात गेलेल्या आमच्या एका बाईनं सांगितलं की बानाबाईच्या धाकट्या लेकीचं, मंजुळाचं, लगीन मोडलं. पोराकडच्यांनी निरोप धाडला, आईनं महाराघरचं खाल्लंय, आम्हाला हे घर नको. ते ऐकून मात्र मला रडू आलं. मी माझ्या रागापायी बोलले अन् कुणाच्या पोरीवर गेलं बघा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं मी निघाले.

बानाबाई अंगणात मेंढीची लोकर कातरत बसली व्हती. मला बघून म्हणली, "आलीस व्हय? तोंड हाय का फाटका ढोल गं तुझं? एक व्हय म्हणली असतीस तर तुझं वावर झालं असतं अन् माझ्या मंजुळीचं लगीन."

"तू तरी कुठं गप बसलीस?" मी म्हणलं.

ती हसली. हसता हसता डोळ्याला पदर लावला. मी तिचे पाय धरायला वाकले तर तिनं माझा दंड धरून मला उभं केलं. म्हणली, "चल, आत. जेवायची वेळ झालीय."

त्या गावात मी नांदायला आले, तिथं लेकरं पुरली, तिथून पळाले. पण धनगराच्या उंबऱ्याच्या आत माझं पाऊल कव्हा पडलं नव्हतं. तिनं बोलावलं नव्हतं अन् मी बी अपेक्षा केली नव्हती. आत त्रिंबकदादा भिंतीला टेकून बसलेला. तो उठून जाईल असं मला वाटलं. उठला नाय. मंजुळानं दोन ताटं वाढली, एक त्याला अन् एक मला. बाजरीची भाकर, चुक्याची भाजी. पोरगी देखणी, तोंड सुजलेलं.

तिनं पाण्याचा तांब्या ठेवला अन् त्रिंबकदादा ताटाकडं बघत म्हणला, "भामाबाई, तुमची घरं पेटली त्या दिवशी मी बी व्हतो."

बानाबाईचा भाकर थापणारा हात थांबला.

"घराला काडी मी लावली नाय, लेकराची आण. पण गायरान आता आपलं झालं असं नानासाहेब म्हणला, अन् मी तुझ्या बाजरीत मेंढरं घातली. गुडघ्याएवढी झाली व्हती. एका दिवसात खाल्ली." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला अन् तसाच ताटात ठेवला. "माझ्याच मेंढरांच्या खतावर आली व्हती ती. मला दिसत व्हतं. तरी घातली."

तव्यावरची भाकर करपायला लागली तरी बानाबाई हलली नाय. म्हणजे तिला बी त्यानं इतकी वर्षं सांगितलं नव्हतं.

"माफ कर," तो म्हणला.

माझ्या हातात घास व्हता. मी म्हणलं, "दादा, हे गायरानात बोलायचं व्हतं. तलाठ्यापुढं, नानासाहेबापुढं. हितं चुलीपुढं बोलून काय उपयोग?"

"तिथं तोंड उघडलं नाय."

"मंग हितली माफी मला नको. ज्या दिवशी पारावर बोलशील त्या दिवशी ये, मुकुंदवाडीत कुणाला बी माझं घर विचार." एवढं बोलले अन् घास तोंडात घातला. ताट टाकून उठले नाय. भाकर बानाबाईची व्हती, तिचा काय दोष? पुरी खाल्ली, वर आणखी चतकोर मागून घेतली.

निघताना बानाबाई फाट्यापर्यंत आली. मागच्या वाटेनं जाऊ म्हणलं तर ऐकंना. पारावरून नेलं मला, नानासाहेब बसला व्हता तिथून, अन् मुद्दाम मोठ्यानं बोलत नेलं, "भामे, पुढच्या खेपंला सुनेला घेऊन ये गं जेवायला, पोटुशी हाय ना ती." त्रिंबकदादा घरातून बाहेर आला नाय. पारावर तो कव्हाच बोलला नाय अन् माझ्या घरी कव्हाच आला नाय. पुढं दोन वर्षांनी गेला.

बानाबाईपुढं मी रडले नाय. बसमध्ये बसल्यावर मात्र आवरलं नाय मला, कंडक्टर विचारायला लागला, काय झालं मावशी. काय सांगू त्याला? जमिनीसाठी रडत नव्हते. मालक मरायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात माझा हात धरून म्हणले व्हते, "भामे, वावराची काळजी करू नको. तिथं आपला त्रिंबक हाय, तो राखत असंल." अन् मी त्यांना म्हणलं व्हतं, व्हय, राखत असंल.